बंपरवरचा हात

माझ्या शेडच्या दारावर एक पाटी आहे. ती मीच रंगवली आहे, म्हणून अक्षरं सरळ आहेत. ‘बंपरला तेल लावून गाडी आणू नये.’ येणारा प्रत्येक जण ती वाचतो, हसतो आणि तेल चोपडलेला बंपर घेऊनच आत येतो.

जळगावात गाड्यांची कामं करणारे पुष्कळ आहेत, पण प्लास्टिकचं काम लोक माझ्याकडे आणतात. बंपर, आरशांच्या टोप्या, स्कूटरचे पॅनल, रिक्षाचे मडगार्ड. धुळ्याहून, चोपड्याहून, वरणगावच्या कॉलनीतूनसुद्धा गाड्या येतात. फुशारकी म्हणायची तर म्हणा, पण मी रंगवलेला बंपर फाटकाला घासून आत दबला आणि परत बाहेर आला, तरी त्याचा रंग उडत नाही. घासल्याची रेघ दिसेल, पापुद्रा निघणार नाही.

शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात माझा नवरा पत्र्याचं काम करतो. त्याच्याकडे हातोडे, माझ्याकडे स्प्रेगन. तो म्हणतो, पत्र्याचं बरं असतं, ठोकला की ऐकतो. तुझं प्लास्टिक म्हणजे घरातल्या माणसासारखं, गोडीगुलाबीनं घ्यावं लागतं. मी म्हणते, म्हणूनच ते तुला जमलं नाही. हे बोलणं आमच्यात आठवड्यातून एकदा तरी होतंच.

प्लास्टिकची मला लहानपणापासून सवय आहे. माझे वडील पाइपच्या कारखान्यात होते. संध्याकाळी त्यांच्या शर्टाला गरम प्लास्टिकचा वास यायचा आणि आम्ही भावंडं ठिबकच्या टाकाऊ नळ्यांच्या दोऱ्या करून उड्या मारायचो. त्यामुळे प्लास्टिक वाकतं, उन्हात फुगतं, थंडीत आखडतं, हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. रंग कसा बसवायचा ते मात्र शिकावं लागलं. ते एका चाचांनी शिकवलं. ट्रकच्या कॅबिन रंगवण्यात त्यांची हयात गेली होती आणि म्हातारपणी बंपर आले तेव्हा कुरकुर न करता तेही काम त्यांनी शिकून घेतलं. ते म्हणायचे, ‘बेटी, रंग आखिर में आता है. पहले धोना सीख.’ मला तेव्हा वाटायचं, हे मला भांडी घासायलाच बसवतायत. आता माझ्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात जातो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कारण केळीचं पान वाकवलं तर वाकतं, पण त्यावर वाळलेला चिखल असेल तर तो तडकून गळतो. बंपरचं तसंच आहे. रंगानं त्याला धरूनही ठेवायचं आणि त्याच्याबरोबर वाकायचंही. त्यासाठी आधी साबणानं धुवायचं, मग मेण-तेल काढणाऱ्या पाण्यानं पुसायचं, हिरव्या घासणीनं चकाकी घालवायची, परत पुसायचं, मग प्लास्टिकचं खास प्रायमर. वरच्या क्लिअरमध्ये, म्हणजे चमकीच्या पारदर्शक थरात, एक लवचीक करणारं द्रव मिसळायचं. एवढं केलं की रंग बसतो. यातलं काहीही वगळलं तर रंग काही दिवस बसल्याचं नाटक करतो.

आणि या सगळ्याचा वैरी म्हणजे तेल. आमच्याकडच्या लोकांना काळा बंपर उन्हानं पांढुरका पडलेला बघवत नाही. दसरा आला, लग्न आलं, मुलीला बघायला पाहुणे यायचे असले की घरात असेल ते तेल हातावर घेतात आणि चोळतात. सरकीचं, शेंगदाण्याचं, डोक्याला लावायचं, एकानं तर लोणच्याच्या बरणीतलं वरचं तेल लावलं होतं. त्या बंपरला मी जवळ जाऊन वास घेतला आणि मला भूक लागली. चार दिवस बंपर काळाभोर दिसतो. मग माझ्याकडे येतो, आणि माझं डोकं फिरतं.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर एक बाई गाडी घेऊन आली. माझ्याहून थोडी लहान, इथे जळगावात दिलेली, शाळेत शिकवते. गाडी तिच्या वडिलांची होती. छोटी, पांढरी, सगळ्यात स्वस्त मॉडेलची, म्हणून पुढचा बंपर रंगाशिवायचा, काळा दाणेदार. डाव्या कोपऱ्याला चीर गेली होती. तिनं मला सांगितलं ते असं:

वडील, म्हणजे नाना, धुळ्याला देवपुरात राहतात. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला. निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली ती आईला फिरवायला, कारण तोवर आईला कुठे नेणं जमलंच नव्हतं. मग दोघं फिरत सुटली. गडावर, तापीकाठी, लेकीकडे, नुसतं पारोळ्यापर्यंत भजी खायलासुद्धा. हिवाळ्यात आई गेली. त्या दिवसापासून गाडीवर कव्हर आहे. नाना गाडीतच काय, घराच्या फाटकाबाहेरही पडत नाहीत. दूधवाला फाटकात दूध देतो, शेजारीण भाजी देते. आखाजीला ही माहेरी गेली तर त्यांनी दाराची कडीसुद्धा उठून काढली नाही, आतूनच म्हणाले, ढकल.

‘मी हट्टानं गाडी काढली,’ ती म्हणाली. ‘फाटकाला लागली ती माझ्याच हातून. ताई, चीर तर बुजवाच, पण बंपरही पांढरा करा. गाडी नवी दिसली तर ते बसतील. माझ्याकडे दुसरा उपाय नाही.’

मला ते पटलं नव्हतं. रंगानं गाडी उठते, माणूस उठेलच असं नाही, हे मला ठाऊक होतं. पण तिचा चेहरा बघून मी ते बोलले नाही. म्हटलं, ठेवून जा, असा करून देते की धुळ्यात कुणी म्हणणार नाही हा बंपर कारखान्यातून असा आला नव्हता.

काम मी नेहमीसारखंच केलं. बंपर उतरवला, चीर आतून वितळवून जोडली, बाहेरून लवचीक पुट्टी भरली, पॉलिशपेपर मारला, दाणे सपाट केले. धुतला, पुसला, घासला, परत पुसला. प्रायमर छान बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत पांढऱ्याचा पहिला हात मारला, कारण आमच्याकडे वैशाखात दहानंतर रंग गनमधून निघून बंपरपर्यंत पोचेतो वाटेतच वाळतो. हात मारून मागे सरकले आणि बघते तर उजव्या बाजूला रंग फाकायला लागला. टाचणीच्या डोक्याएवढे गोल गोल खड्डे, आणि प्रत्येकातून खालचं करडं प्रायमर दिसतंय. फिशआय म्हणतात त्याला. खाली तेल असलं की रंग असा अंग चोरतो.

माझा पहिला संशय नवऱ्यावर. हवा त्याच्या कॉम्प्रेसरमधून येते आणि त्यातलं पाणी-तेल रोज काढायचं काम त्याचं. मी तिथूनच तोंड सुरू केलं. तो हातोडा ठेवून शांतपणे आला, बंपरसमोर वाकला आणि ठिपक्यांवरून हवेतच बोट फिरवत गेला.

‘माझ्या कॉम्प्रेसरचं असतं तर सगळीकडे पडलं असतं,’ तो म्हणाला. ‘हे बघ. याला बोटं आहेत.’

मी वाकून बघितलं. खरंच हात होता. छोटा, बायकी. तळवा, अंगठा जरा बाजूला, चार बोटं वर. पांढऱ्या रंगावर करड्या ठिपक्यांनी काढल्यासारखा. एवढी वर्षं मी फिशआय बघतेय, शिव्या घालतेय, पण असा हात कधी उमटला नव्हता.

मी नानांच्या लेकीला फोन लावला. विचारलं, या बंपरला उजवीकडे काय लावत होतात तुम्ही? ती आधी म्हणाली काही नाही. मग आठवून म्हणाली, ‘आई दर दसऱ्याला शेंदूर तेलात कालवून पंजा उठवायची. टँकरलाही उठवायची. म्हणायची, मी शेजारी बसलेली नसले तरी माझा हात पुढे असू दे.’

वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच हाताचा ठसा. काळं दाणेदार प्लास्टिक ते पीत राहिलं. वरून पुसलं तरी आतलं कुठे जाणार?

मी तिला म्हटलं, काळजी करू नका, मी काढते. फोन ठेवला आणि त्या दिवशी मात्र काढायला हात लावला नाही. दुसरी कामं काढून बसले. जाता-येता नजर तिकडेच जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा माणूस शेडच्या दारात उभा. पांढरा पायजमा, टोपी, उंच पण खांदे उतरलेले. पाटी वाचली, हसला नाही. मागून लेक धावत आली. तिनं फोनवर वडिलांना सगळं सांगितलं होतं आणि नाना सकाळी उठून, कुणाला न सांगता, धुळ्याहून बस धरून लेकीच्या दारात आले होते. फाटकाबाहेर न पडणारा माणूस. लेक माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होती, सांभाळून.

मी नानांना बंपरपाशी नेलं. ते समोर उभे राहिले. हात पुढे केला, पण टेकवला नाही. त्या ठिपक्यांच्या हातावर आपला हात तसाच धरून राहिले.

‘हाऊ हात तिना शे, ताई,’ ते अहिराणीत म्हणाले. ‘ऱ्हाऊ दे.’

लेक लगेच म्हणाली, ‘राहू द्या ना, ताई. त्यावरून ते चमकणारं मारा, बस.’

खरं सांगते, हो म्हणणं फार सोपं होतं.  मी हो म्हटलं असतं तर दोघं रडली असती, मीही रडले असते, आणि नानांनी समाधानानं गाडी परत देवपूरला त्या कव्हरखाली नेऊन ठेवली असती. पण मला माझं काम माहीत आहे. पुढे काय होणार ते मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं, आणि माहीत असून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

‘नाना, बसा,’ मी म्हटलं. स्टूल दिलं. ‘मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. हा हात नाही. हे खड्डे आहेत. त्यांचा हात होता तो शेंदराचा, तो त्या दर दसऱ्याला उठवत होत्या. हे त्याच्याखाली साचलेलं तेल आहे. यावर मी क्लिअर मारलं तर आज छान दिसेल. पावसाळ्यात पाणी इथूनच आत शिरेल आणि रंग इथूनच उचलेल. आधी करंगळी सोलून निघेल, मग दुसरं बोट. एकेक करून सगळा हात तुमच्या डोळ्यांदेखत गळून पडेल. ते बघवेल तुम्हाला?’

लेकीनं तोंडावर पदर घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या वडिलांना थोबाडीत मारली आहे. पलीकडे नवऱ्याचा हातोडा थांबला. पण बोलले त्यातला शब्दही मागे घ्यावासा वाटला नाही.

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, ‘टँकर धुवानं काम बी मीच करू. दुसराले हात लाऊ नही दिधा कधी.’ आणि उठले. ‘मंग मीच पुससू.’

मी काही म्हणायच्या आत त्यांनी बाह्या वर केल्या. मग मी त्यांना शिकवलं, मला शिकवलं तसं. आधी पेपर मारून तेवढ्या भागातला रंग आणि प्रायमर काढायचं, प्लास्टिक उघडं करायचं. मग मी हॉट गननं लांबून ऊब द्यायची, म्हणजे आत गेलेलं तेल वर येतं. मग दोन कापडं. एका हातात ओलं, ते तेल सोडवतं. दुसऱ्या हातात कोरडं, ते लगेच उचलतं. एकाच कापडानं पुसलं तर तेल नुसतं फिरत राहतं, जात नाही. नवे लोक नेमकं इथेच चुकतात. नाना चुकले नाहीत. टँकर धुणाऱ्याचे हात होते ते, कोपऱ्यापासून सुरू करून मधे येणारे.

मी ऊब दिली, त्यांनी पुसलं. कापड वर आलं ते केशरी. इतक्या दसऱ्यांचा शेंदूर. त्यांनी ते उलगडून बघितलं, घडी बदलली, परत पुसलं. परत केशरी.

‘आखो शे?’ ते विचारायचे. मी म्हणायचे, अजून आहे नाना, कापड पांढरं निघेपर्यंत.

ऊन उतरायला लागलं तरी आमचं चाललंच होतं. लेक चहा घेऊन आली तो तसाच गार झाला. हळूहळू कापडावरचा रंग फिकट होत गेला आणि शेवटी एक कापड कोरं निघालं. नानांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं. मला वाटलं आता हे कोसळतात. पण त्यांनी ते नीट घडी करून बाकावर ठेवलं, हात धुतले आणि गार चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मी प्रायमर मारलं, पांढरा मारला, क्लिअर मारलं. एकही खड्डा नाही. नाना लेकीकडेच राहिले होते, ते रोज येऊन बाकावर बसायचे. नवऱ्याशी जुन्या आग्रा रोडच्या गप्पा मारायचे. कुठल्या घाटात ब्रेक गरम होतात, कुठल्या ढाब्यावर पिठलं चांगलं. मला वाटायला लागलं, लेकीचं म्हणणं खरं होणार. मी मुद्दाम बंपर नेहमीपेक्षा जास्त पॉलिश केला. त्यात आकाश दिसत होतं.

गाडी न्यायच्या दिवशी मी किल्ली नानांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, गाडीभोवती एक चक्कर मारली, बंपरला हात फिरवला आणि म्हणाले, ‘काम एक नंबर.’ आणि किल्ली लेकीच्या हातात दिली. स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

त्यांची गाडी वळून गेल्यावर नवरा म्हणाला, ‘तुझा बंपर पास झाला, नाना नापास.’ एरवी मी त्याला उलट काहीतरी सुनावलं असतं. त्या दिवशी मी गन उघडून धुवायला घेतली. वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू. तो हात त्यांना पुसायला लावला, तोही मीच, आणि बदल्यात त्या माणसाला काहीच मिळालं नाही, असं मनात येत राहिलं. पण काम चुकलं असं तेव्हाही वाटलं नाही.

मग पावसाळा गेला. श्रावणातला कानबाईचा सण झाला, गणपती झाले. लेकीचा एकदा फोन आला, नाना बरे आहेत म्हणाली, गाडीचं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं ते मी गिळलं.

दसऱ्याला आम्ही शेड उघडतो ती फक्त पूजेपुरती. हातोडे, गन, कॉम्प्रेसर धुऊन मांडतो, झेंडूच्या माळा घालतो. कॉम्प्रेसर माळ घातल्यावर नवरदेवासारखा दिसतो असं मी दरवर्षी म्हणते. मी हळदकुंकू वाहत होते तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. टँकरवाले वाजवतात तसा, छोटा, दोनदा.

पांढरी गाडी होती. स्टिअरिंगवर नाना. शेजारची सीट रिकामी.

‘एकलाच उनू,’ ते खाली उतरत म्हणाले, जसं काही मी विचारलंच होतं. ‘पोरले घर लई जासू.’ लेकीला सणाला घरी न्यायला आले होते.

मी पुढे गेले आणि थबकले. माझ्या त्या आरशासारख्या बंपरवर, डाव्या बाजूला, भलामोठा केशरी पंजा. जाड बोटांचा, ओबडधोबड, अंगठा फराटलेला, आणि तेल एवढं की तळव्याखालून ओघळ नंबरप्लेटपर्यंत आलेला. सवयीनं माझा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. दारावर पाटी होतीच. नानांनी तिच्याकडे बघितलं आणि नवख्या पोरासारखे ओशाळले.

‘तेल जास्ती व्हयनं का?’

‘जास्तच झालंय,’ मी म्हटलं. ‘पण डावीकडे का? त्या तर उजवीकडे उठवायच्या.’

‘उजवी बाजू तिनी शे,’ ते म्हणाले. ‘मी डावीकडे लावा.’

उजवीकडे काहीच नव्हतं. गुळगुळीत पांढरा रंग, मी मारलेला, नानांनी स्वच्छ केलेल्या जागेवर. तिथे कधी काही होतं हे आता आम्हा तिघाचौघांशिवाय कुणाला कळलं नसतं. मी फडकं परत खांद्यावर टाकलं.

त्यांनी विचारलं, रंग खराब होईल का. मी सांगितलं, नाही होणार, या रंगात तेल आत शिरत नाही. पहिल्या धुण्यालाच सगळं निघून जाईल. ठसा राहणार नाही, नाना, दर वर्षी नव्यानं लावावा लागेल.

‘ती बी दरसाल नवाच लावे,’ ते म्हणाले.

मी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, नवऱ्यानं पेढा दिला. त्यांनी गाडीत बसून, मागे फारसं न बघता, एका झटक्यात गाडी अरुंद गल्लीतून उलटी काढली आणि लेकीच्या घराकडे वळवली.